नोकरी न लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

चौकात डिजिटल लावला, त्यात माझं काय चुकलं, हे मला अजून कुणीही नीट सांगितलेलं नाही. ओरडले मात्र सगळे. बहीण ओरडली, भाची ओरडली, शेजारचे ईश्वरप्पा तर आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता ओरडले. पण चूक नेमकी कोणती, ते सांगा म्हटलं की सगळे गप्प.

डिजिटल म्हणजे काय, हे सोलापुरात नव्यानं आलेल्या माणसाला सांगावं लागतं. वाढदिवस, निवड, नवी गाडी, काहीही झालं की आमच्याकडं चौकात फोटोंचा भलामोठा रंगीत फलक लागतो, त्याला डिजिटल म्हणतात. मागच्या वर्षी आमच्या चौकात एका बोकडाच्या वाढदिवसाचा लागला होता आणि त्या बोकडाच्या नावामागं 'श्री' होतं. बोकडाचा चालतो, मग माझ्या भाचीचा का नको?

भाची म्हणजे संघप्रिया, माझी धाकटी बहीण मीनाबाई हिची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिच्या दोन्ही पायांत ताकद नाही. कॅलिपर बांधून, कुबड्या घेऊन चालते. बी.कॉम. झाली, कॉम्प्युटर शिकली आणि तोंडानं माझ्यापेक्षा फटकळ निघाली. मेहुणे वारल्यापासून मायलेकी बुधवार पेठेत आमच्या समोरच्याच खोलीत भाड्यानं राहतात. मीनाबाई एका दुकानासाठी परकर शिवते. संघप्रियाला अपंगांचं अनुदान मिळायचं. रक्कम सांगत नाही. ऐकून तुम्हाला हसू येईल आणि सांगताना मला राग. पण खोलीचं भाडं त्यातून निघायचं आणि ते मंजूर होता होता दोन उन्हाळे गेले होते.

तर या संघप्रियाची अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात निवड झाली. ऑनलाइन येणाऱ्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या. तीन महिने चाचणी, काम पसंत पडलं तर पक्की नोकरी. आमची आई गिरणीत झाडलोट करायची. धाग्यांचा धुरळा नाकातोंडात घेऊन घरी यायची आणि पाणी प्यायच्या आधी खोकून घ्यायची. तिची नात त्याच धंद्यात आता खुर्चीवर, कॉम्प्युटरसमोर बसणार होती. अशा वेळी डिजिटल लावायचा नाही, तर काय बोकड पाळायचा?

डिजिटल करण्याचं काम दिपकनं अंगावर घेतलं. दिपक आमच्या गल्लीचा युवा नेता आहे. कशाचा, ते अजून ठरायचं आहे. मी त्याला स्वच्छ अक्षरात मजकूर लिहून दिला होता : 'कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून निवड झाल्याबद्दल'.

"काका, ऑपरेटर कोण वाचतंय वं?" दिपक म्हणाला. "वजनच पडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी चौकात बघतो, तर 'वरिष्ठ अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी ते चालवून घेतलं. डिजिटलवर प्रत्येकाला बढती मिळतेच. आमच्या गल्लीतला एक मुलगा पतसंस्थेत शिपाई लागला, तेव्हा तो 'बँकिंग क्षेत्रातील उगवता तारा' झाला होता आणि त्याच्या सासुरवाडीनं ते खरं धरलं. संघप्रियाचा फोटो कोपऱ्यात, गॉगलवाला दिपक तिच्या तिप्पट, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला मी, सफारी सूटमध्ये. फोटो बरा आला होता.

"मामा, मी अजून जॉइन झाले न्हाय," संघप्रिया म्हणाली. "उतरवा की तेवढं."

"राहू दे की गं चार दिवस. लोकांना कळू दे."

लोकांना कळलं. ज्यांना कळायला नको, त्यांना सगळ्यात आधी कळलं.

आधी कारखान्याचा फोन आला. तिची बसायची जागा माळ्यावर होती आणि खाली जे बाथरूम होतं तिथं तिला बसता येणार नव्हतं. मुलाखतीतच तिनं हे तोंडावर सांगितलं होतं. टेबल खाली आणतो, कमोड बसवतो, मग बोलावतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गवंडी येईपर्यंत नोकरी थांबली. आणि त्याच महिन्यात अनुदान आलं नाही. मीनाबाई बँकेत दोनदा जाऊन आली. मग आम्ही मामा-भाची अनुदान देणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. खिडकीच्या आतल्या बाजूला माझं आयुष्य गेलंय. त्यामुळे खिडकीच्या बाहेर उभा राहिलो तरी आतला माणूस आपल्याला ओळखेल, निदान वासावरून तरी, अशी माझी समजूत होती. कचेरीला अपंगांसाठी चांगला सिमेंटचा रॅम्प आहे, हेही मी संघप्रियाला मोठ्या अभिमानानं दाखवलं. ती त्यावरून वर गेली. टोकाला वॉटर कूलर बसवलेला होता. रॅम्पवरून वर गेलेल्या माणसानं पाणी प्यायचं आणि परत खाली यायचं, एवढीच सोय होती. शेवटी ती पायऱ्यांनी चढली. सरकारनं अपंग हा शब्द बदलून दिव्यांग केला, पण पायऱ्या काही बदलल्या नाहीत.

"लाभार्थी नोकरीला लागल्यानं अनुदान थांबवलंय," खिडकीतला कारकून म्हणाला. त्यानं मला ओळखलं नाही. वर बघितलंच नाही, तर ओळखणार कसा?

"कोण म्हणतं नोकरीला लागली म्हणून?"

त्यानं फाइल उघडून आमच्यासमोर सरकवली. आत आमचा डिजिटल होता. आमच्या भागात चौकशीला येणारा अजिनाथ नावाचा कर्मचारी आहे, त्यानं जाता जाता मोबाइलवर फोटो काढून तो फाइलला लावला होता.

"वरिष्ठ अधिकारी," कारकून वाचत म्हणाला. "म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या वर."

"अहो, डिजिटलवर कुणी खरं लिहितं का?"

"मग खोटं लिहून जाहिरात केली म्हणता?" आता त्यानं वर बघितलं, मग फोटोत बघितलं, मग परत माझ्याकडं. "हे सफारीतले तुमीच की."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं गप्प केली आहेत, पण आपल्याच फोटोनं गप्प होण्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब, मी अजून एक दिवसपण कामाला गेले न्हाय," संघप्रिया म्हणाली.

"मग नोकरी नसल्याचा दाखला आणा."

"कुठून?" मी विचारलं.

"जिथं नोकरी नाही, तिथून."

"नोकरी तिला जगात कुठंच नाही. सगळीकडून आणू का?"

तो पुढच्या माणसाला 'या' म्हणाला. पण संघप्रिया हलली नाही. कुबडी खिडकीच्या कट्ट्याला टेकवून तिनं शांतपणे विचारलं, "एवढं सांगा. मी कामाला लागले आणि तीन महिन्यांनी त्यांनी मला काढलं, तर अनुदान परत सुरू होतंय का?"

"नव्यानं अर्ज करायचा. डॉक्टरचा नवा दाखला."

"पाय तेच असतेत की."

"तपासून बघावं लागतं."

"मग मी कामाला जाऊ का नको?"

"तो तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे," कारकून म्हणाला.

माझं डोकं तिथंच फिरलं. पोरीचे पाय वैयक्तिक नाहीत; ते दर थोड्या दिवसांनी सरकारला तपासायचे असतात. तिची आई किती परकर शिवते, घरात पंखा आहे का, टीव्ही आहे का, हेही वैयक्तिक नाही. पण तिनं पोटाला कमवावं की घरात बसावं, हे विचारलं की ते एकदम वैयक्तिक झालं. घरात बसून राहिली तर महिन्याच्या महिन्याला शाबासकी, आणि उठून उभी राहिली तर शिक्षा. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. वॉटर कूलरपाशी उभे असलेले लोकही वळून बघायला लागले. संघप्रियानं माझी बाही धरून मला बाहेर काढलं. सांभाळायला म्हणून तिच्याबरोबर गेलो होतो मी.

मग कारखाना. तिथं सुकन्या नावाच्या एचआर मॅडम होत्या, वयानं संघप्रियाएवढ्याच. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि गोड आवाजात नाही म्हणाल्या.

"सर, जे आमचे एम्प्लॉयी नाहीत त्यांना आम्ही लेटर कसं देणार? लेटरहेडवर नाव आलं की त्या आमच्याशी जोडल्या गेल्यासारखं होतं."

"मग करून टाका एम्प्लॉयी."

"कमोड आलाय सर, पण फरशीचं राहिलंय."

म्हणजे ती कारखान्याची नव्हती म्हणून कारखाना दाखला देत नव्हता, आणि दाखला नव्हता म्हणून कचेरीच्या लेखी ती कारखान्यातली वरिष्ठ अधिकारी होती. येताना रिक्षात संघप्रिया हसायला लागली. मला हसू आलं नाही. रिक्षावाल्याला आलं.

ही बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, पण सल्ले चोवीस तास असतात. ईश्वरप्पांची बायको चंद्रव्वा म्हणाली, "सांगायचंच न्हाई की. पगार आईच्या नावावर घ्यायचा, अनुदान पोरीच्या." एका निवृत्त मास्तरांनी मंत्र्यांना पत्र लिहायला सांगितलं आणि ते मीच लिहावं, सही मात्र त्यांची नको, असंही सांगितलं. आणखी एक बाई आल्या. मीनाबाईचा चहा पीत म्हणाल्या, "कशाला पाठवताव पोरीला उन्हातानात? सरकार देतंय तेवढं घ्यावं, घरात बसावं. असल्या पोरीनं नोकरी करून कुणाचं भलं व्हनार हाय?"

मीनाबाई एरवी कुणाला उलट बोलत नाही. तिनं त्या बाईंच्या हातातली कपबशी काढून घेतली. अर्धा चहा होता अजून. कप विसळून पालथा घातला आणि शिलाई मशिनवर जाऊन बसली. बाई थोडा वेळ बसल्या आणि मग उठून गेल्या.

पण रात्री तीच मीनाबाई माझ्याकडं येऊन रडली. "दादा, पोरीला हौस हाय, मला कळतंय. पण नोकरी कच्ची. उद्या न्हाय म्हनले तर? हातचं गेलेलं परत मिळवायला कुनाच्या पाया पडायचं? माझे डोळे आता सुईत दोरा ओवेपर्यंतच चालतेत." मी तिला म्हटलं, मी बघतो. मी बघतो हे वाक्य मी नोकरीतही फार वापरलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असायचा.

शेवटी तोडगा काढला तो ईश्वरप्पांनी. "धोंडिराम," ते म्हणाले, "डिजिटलनं बंद झालं नव्हं? मग डिजिटलनंच चालू होतंय बघ. न्हाई लागली म्हणून लावा की दुसरा."

मी त्यांच्याकडं तुच्छतेनं बघितलं. शिकलेला माणूस आहे मी. पण त्या दिवशी कचेरीत पुन्हा गेलो, तेव्हा तो कारकून म्हणाला, "रेकॉर्डला एक पुरावा लागलाय. तो खोडणारा पुरावा द्या, मग बघू." मी तिथूनच दिपकला फोन लावला.

"अभिनंदन नको," मी त्याला बजावलं. "नुसती माहिती पाहिजे."

"काका, नुसती माहिती चौकात कोण बघतंय? आपल्याकडं दोनच डिझाइन हायत. हार्दिक अभिनंदन, न्हायतर भावपूर्ण श्रद्धांजली."

"श्रद्धांजली नको!"

"मग अभिनंदनच की."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुधवार पेठेनं वाचलं : 'कु. संघप्रिया यांना वरिष्ठ अधिकारीपदी अद्याप नोकरी न लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली तेच शुभेच्छुक, तोच दिपक, तोच सफारीतला मी. दिपकनं स्वतःहून फटाक्यांचं चित्रही टाकलं होतं. लोक थांबून वाचत होते आणि मला बघून हात जोडत होते. ते अभिनंदनासाठी होते की सांत्वनासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मी मोबाइलवर फोटो काढतोय, तोच मागं कुबड्यांचा आवाज आला.

"झाला का काढून?" संघप्रियानं विचारलं.

"तुझ्यासाठीच चाललंय गं हे."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला आणि चौकातली वर्दळ थांबली. "लहानपणापासून गल्ली माझ्या पायांवरून बोलती. मी ऐकून घेतलं. नोकरी लागली, तर मला न विचारता बोर्ड. न्हाय लागली, तर मला न विचारता बोर्ड. कचेरीत तुमी बोलताव, कारखान्यात तुमी बोलताव, घरात आई रडती. मला काय पायजे, हे एकानं तरी विचारलं का? मला कामाला जायचंय, मामा. सकाळी डबा घेऊन जायचंय आणि संध्याकाळी दमून यायचंय. बास."

मी मान खाली घातली नाही. चारचौघांत तसं करायची मला सवय नाही. पण शिडी मागवली, स्वतः वर चढलो आणि डिजिटल उतरवला. दिपकनं खालून शिडी धरली होती. त्यालाही त्या दिवशी गॉगल लावायचं सुचलं नाही.

फोटो मात्र मी कचेरीत नेऊन दिला. खोटं कशाला सांगू? कारकुनानं तो दोनदा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"हं. आता कसं," तो म्हणाला आणि फोटो फाइलला लावला. "घरी चौकशी होईल. लाभार्थी घरी आढळली की दारात फोटो काढतील, मग पुढच्या महिन्यापासून चालू. सोमवारी अजिनाथ येतील. लाभार्थीनं घरीच थांबायचं."

मी पेढे घेऊन घरी आलो. दारात मीनाबाई उभी होती, तोंड उतरलेलं. कारखान्यातून सुकन्या मॅडमचा फोन येऊन गेला होता. फरशी बसली, टेबल खाली आलं. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं.

मी कचेरीत फोन केला : मंगळवारी या. तिकडून उत्तर आलं की आमच्या भागाचा सोमवारच असतो, चुकला तर नाव पुन्हा यादीत कधी येईल ते सांगता येत नाही. मी कारखान्यात फोन केला : मंगळवारी येईल. सुकन्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की सोमवारी नव्या लोकांचं ट्रेनिंग आहे, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल. दोघांनाही मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघांनीही आधीच फोन ठेवला होता, त्यामुळे ते त्यांना ऐकू गेलं नाही, एवढंच वाईट वाटतं.

पेढ्यांचा पुडा मध्ये ठेवून आम्ही तिघं बसलो. यावेळी मी विचारलं. खरंच विचारलं. "संघे, काय करायचं?"

"नऊला हजर व्हायचं," ती म्हणाली. "निंगप्पाच्या रिक्षाला सांगितलंय मी."

"आगं, पर अनुदान—" मीनाबाई म्हणाली.

"आई, त्यांना मी घरात सापडायला पायजे. दरवेळी घरातच सापडायला पायजे. किती वर्षं सापडू?"

सोमवारी सकाळी मीनाबाईनं डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन पेढे भरले. संघप्रिया रिक्षात बसली, कुबड्या आडव्या घेतल्या. गल्लीत कुणी हात जोडले नाहीत. सगळे घागरी घेऊन नळापाशी होते, कारण नेमकं त्याच दिवशी पाणी आलं होतं.

अकराच्या सुमाराला अजिनाथ आला. करमाळ्याकडचा, शिडशिडीत, उन्हानं करपलेला. घागरींच्या रांगेतून वाट काढत तो दारापाशी आला आणि त्यानं मोबाइल काढला. "लाभार्थीला जरा उंबऱ्यात उभं करा, म्हंजी फोटो घेतो."

"घरी नाही ती," मी म्हटलं.

"न्हाय म्हंजी?" तो हवालदिल झाला. वाईट माणूस नव्हता. "मग मी फोटो कुनाचा काढू? घरी आढळली न्हाय म्हनून लिव्हायला लागंल बघा. एक काम करा. फोन करून बोलवून घ्या. मी तासभर थांबतो. फोटो निघाला की जाऊ द्या कुटं जायचंय तितं. कुनाला कळतंय?"

मीनाबाई आतून आली. तिच्या हातात फोन होता आणि त्यावर संघप्रियाचं नाव उघडलेलं होतं. बोट नुसतं टेकवायचं बाकी होतं. खोलीचं भाडं, सुईतला दोरा, ते दोन उन्हाळे, सगळं मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ते गिळलं. लेक तिची होती.

मीनाबाईनं फोन बंद केला आणि पदराला पुसून पोलक्यात ठेवला. "न्हाय बोलवत," ती म्हणाली. "ट्रेनिंग चालू हाय तिचं."

अजिनाथनं कपाळाचा घाम पुसला. "अवो, मग मी काय लिव्हू? परत कवा येऊ?"

एवढे दिवस साठलेला सगळा राग मला आता काढायचा होता. पण आवाज निघाला तो आमच्या खात्यात खिडकीच्या आत बसून काढायचो, तसलाच सरकारी.

"कामकाजाच्या दिवशी येऊ नका," मी म्हटलं. "आलात तर संध्याकाळी साडेसहानंतर या. पोरगी दिवसभर घरी नसते."